हॉलच्या भिंतीवर दावण्या

आबा भिंतीसमोर येऊन उभे राहिले तेव्हा मी शिडीवरून खाली उतरत होते. अकराच्या अकरा फ्रेम लागून झाल्या होत्या. दुपारचे चार वाजले होते, वास्तुशांत दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला होती, म्हणजे माझं काम चक्क वेळेआधी संपलं होतं. आमच्या धंद्यात ही गोष्ट फारशी घडत नाही. त्यामुळे मी हात पुसत, चार कौतुकाचे शब्द ऐकायच्या तयारीने त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले.

आबा म्हणजे घराचे मालक, नुकतेच आपल्या द्राक्षबागेतून आले होते. त्यांनी डावीकडून सुरुवात केली. एकेका चित्रापुढे थांबत, मान हलवत ते मधल्या मोठ्या फ्रेमपर्यंत आले आणि तिथेच थांबले. पुढे झाले, मागे आले, परत पुढे झाले.

"म्याडम, ह्ये काढा," ते म्हणाले.

"कुठलं, आबा?"

"ह्ये मधलं."

मला वाटलं फ्रेम तिरकी लागलीय. मी लेव्हल बाटली काढली. ही एक छोटी पट्टी असते, तिच्यात पाण्याचा बुडबुडा असतो. तो मधोमध राहिला की समजायचं फ्रेम सरळ आहे. मी ती फ्रेमवर ठेवून आबांना दाखवली. बुडबुडा अगदी मधे होता.

"तिरकं न्हाई ओ," आबा म्हणाले. "ह्यो दावण्या हाय. घरात दावण्या आणून लावलाय तुमी."

मी सांगलीची. द्राक्षं मी खाते, बेदाणे डब्यात भरून ठेवते, पण बागेशी माझा संबंध तेवढाच. तरीही दावण्या हा शब्द मला ठाऊक होता. सांगली जिल्ह्यात राहून तो कानावर पडला नाही असं होत नाही. द्राक्षाच्या वेलीवरचा हा बुरशीचा रोग. छाटणीनंतर कोवळी फूट आलेली असताना आभाळ भरून आलं, पानं ओली राहिली की हा येतो आणि बघता बघता घड घेऊन जातो. आदल्या वर्षी आबांचा विहिरीकडचा प्लॉट चार दिवसांत असाच गेला होता. आणि त्या दिवशी बाहेर आभाळ भरलेलं होतं, छाटणी होऊन तीन आठवडे झाले होते, कोवळे घड नुकते दिसायला लागले होते. अशा दिवसांत मी त्या माणसाच्या नव्या घरात, दारातून आत शिरताच दिसेल अशा जागी, तीन फुटी दावण्या टांगला होता.

हे कसं झालं ते सांगायला थोडं मागे जायला हवं.

सव्वीस वर्षं मी इंटिरिअरची कामं करतेय. या भागात इंटिरिअर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे छतातले लपवलेले लाइट आणि टीव्हीमागचं चकचकीत पॅनेल येतं. भिंतीवर काय लावायचं हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण उत्तर ठरलेलं असतं. पळणारे सात पांढरे घोडे. गेल्या दहा वर्षांत मी इतके घोडे टांगलेत की त्यांची एक पागा झाली असती. त्यामुळे तासगावच्या पलीकडे, बेदाण्याच्या शेडवरून आत वळल्यावर लागणाऱ्या मळ्यातून वर्षाचा फोन आला आणि ती म्हणाली, "मॅडम, मला एका भिंतीवर जुनी विज्ञानाची चित्रं लावायचीत," तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसले.

वर्षा म्हणजे आबांची सून. साताऱ्याची मुलगी, वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. लग्नानंतरही तिने साताऱ्यात सहा वर्षं कॉलेजात शिकवलं. नवरा फौजेत. आबा स्वतः फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले आणि त्यानंतर द्राक्षबागेत रमलेले. मग आबांच्या गुडघ्यांनी तक्रार सुरू केली, बागेकडे बघायला घरचं कुणी तरी हवं झालं, तेव्हा तीन वर्षांपूर्वी वर्षा नोकरी सोडून मळ्यात आली. फवारणीचं सगळं वेळापत्रक तीच बघते. नोकरी सोडल्याबद्दल तिने माझ्याजवळ एकदाही कुरकुर केली नाही. एकदाच म्हणाली होती, "खडू हातात नसला की हात रिकामा वाटतो, बाकी काही नाही."

नवं घर बांधताना तिने काहीच मागितलं नव्हतं. टाइल आक्कांनी निवडल्या. आक्का म्हणजे आबांची थोरली बहीण. आबांच्या बायकोच्या माघारी घर त्यांनीच सांभाळलं, त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा. स्वयंपाकघराचा रंग, देवघराचा कट्टा, सोफ्याचं कापड, सगळं आक्कांच्या पसंतीने झालं. शेवटी आबांनीच सुनेला विचारलं, तुला काय पायजे ते सांग की. तिने हॉलची ती एक भिंत मागितली. आबा म्हणाले, ती तुझी, काय लावायचं ते लाव, मला इचारू नगं. आक्कांना हे पटलं नव्हतं. त्यांनी सांगलीहून सात घोडे आधीच आणून पलंगाखाली ठेवले होते.

ही जुनी विज्ञानाची चित्रं म्हणजे काय, तर कॅमेरा नव्हता किंवा असून नसल्यासारखा होता, त्या काळात शास्त्रज्ञाला जे दिसलं ते कुणी तरी बसून हाताने काढून ठेवायचं. चंद्रावरचे खड्डे, बर्फाचे कण, मधमाशीचा पाय, समुद्रातले पारदर्शक जीव, ज्वालामुखी मधोमध कापला तर आत कसा दिसेल ते. मोठमोठ्या ग्रंथालयांनी आता ही जुनी पुस्तकं स्कॅन करून सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत. कुणीही घ्यावं आणि छापावं. वर्षाने कसं कुणास ठाऊक, पण रात्रंदिवस शेकडो चित्रं पाहून त्यातली अकरा निवडली होती. पेन ड्राइव्ह माझ्या हातात देताना तिने प्रत्येक चित्राची मला गोष्ट सांगितली. मी धंद्यातली बाई, पण खरं सांगते, मधमाशीच्या पायावरचे केस कुणी तरी एकेक करून रंगवलेत हे तिने दाखवल्यावर मला पाच मिनिटं दुसरं काही सुचलं नाही. असल्या माणसांना काय पगार मिळत असेल आणि त्यांच्या डोळ्यांचं काय होत असेल, हाच विचार मी गाडी चालवताना करत होते.

अकरापैकी दहा चित्रांना अडचण आली नाही. अकरावं नेमकं मधलं होतं. द्राक्षवेलीचं खोड आडवं कापलं तर आत कसं दिसतं, त्याचं काळ्या रेषांतलं चित्र. त्या फाइलला दम नव्हता. छपाईत आम्ही डीपीआय म्हणतो, म्हणजे एका इंचात रंगाचे किती ठिपके बसतात ते. ठिपके जितके दाट, तितकं चित्र स्वच्छ. त्या चित्राच्या संपूर्ण रुंदीत मिळून बाराशेच ठिपके होते. तीन फुटांवर ते ताणलं असतं तर जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या तसं दिसलं असतं. मधली फ्रेम मात्र मी तीन फुटांची ठरवून बसले होते. कागदावर रचना सुंदर जमली होती ना.

मग मी पेन ड्राइव्ह चाळला. वर्षाने न निवडलेली चित्रंही त्यात होती. त्यात एक द्राक्षाचं पान सापडलं. भरघोस, रंगीत, फाइल दणदणीत. हिरव्या पानावर सोनेरी-पिवळे डाग, भोवती बारीक नक्षीसारखं काही, खाली लॅटिनमध्ये एक ओळ. मी मनाशी म्हटलं, पानगळीच्या दिवसांतलं पान दिसतंय. तिलाही द्राक्षाचंच हवंय, हेही द्राक्षाचंच. आणि खरं कारण सांगून टाकते. हॉलचे पडदे मोहरीच्या रंगाचे होते, आणि ते डाग त्या पडद्यांना इतके जुळत होते की माझा मोह आवरला नाही. ती लॅटिन ओळ मी वाचली नाही. वर्षाला फोनही केला नाही. काम झाल्यावर बघेल आणि खूश होईल असं मी स्वतःच ठरवून टाकलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल त्या दिवशी माझा होता.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी वर्षा आणि तिचा नवरा तिच्या आईला आणायला साताऱ्याला गेले होते. घरात आबा, आक्का आणि आम्ही दोघं. आम्ही म्हणजे मी आणि मिरजेचे मेहबूबचाचा. चाचा वीस वर्षं माझ्याकडे फ्रेम बसवतात आणि त्यांनी ठोकलेला खिळा आजवर हललेला नाही. सकाळपासून आम्ही खाकी कागदाचे फ्रेमच्या मापाचे तुकडे भिंतीवर चिकटवून रचना पाहिली, मग एकेक फ्रेम चढवली. आणि मग आबा आले.

आबांचा आवाज चढला नव्हता, पण आक्कांना स्वयंपाकघरात तो ऐकू गेला. त्या बाहेर आल्या, चित्र पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. बागेतल्या बाईला पान ओळखायला चष्मा लागत नाही. "माणसं रोग घराभाईर घालवत्यात, आन् तुमी काचंत घालून आणलाय व्हय," त्या मला म्हणाल्या. मी खरं सांगितलं, मला ओळखू आलं नाही. आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, आश्चर्य होतं, आणि ते मला जास्त लागलं. रस्त्याने जाणाऱ्या बैलाला कुणी शेळी म्हणावं तसं त्यांना वाटलं असणार.

चाचांनी फ्रेम उतरवली आणि भिंतीला टेकवून ठेवली. दहा चित्रांच्या मधोमध तीन फुटांचं भगदाड पडलं. आक्का आत गेल्या आणि पलंगाखालचं बोचकं घेऊन आल्या. त्यांनी चाचांना शांतपणे सांगितलं, ही बाकीची पण काढा, मधी घोडे लावा, म्हंजी भिंत भरंल. मी आबांकडे पाहिलं तर त्यांनी नजर खिडकीकडे वळवली. भिंत सुनेला दिली होती, पण भिंतीवरच रोग लागल्यावर तो शब्द पाळायचा कसा, या पेचात ते पडले होते. मी हात जोडून एवढंच म्हटलं की वर्षा येईपर्यंत थांबूया. आबांनी मान हलवली. चाचा ओट्यावर जाऊन बसले आणि त्यांनी चहा मागितला, तो त्यांना मिळाला. मला कुणी विचारलं नाही.

तास-दीड तास मी त्या हॉलमध्ये एकटी बसून होते. माझ्या एका फोनच्या आळसापायी त्या मुलीची, तिने मागितलेली एकुलती एक गोष्ट हातची जाणार होती. मला फार वाईट वाटत होतं. बाकीची दहा चित्रं समोर होती आणि ती इतकी देखणी दिसत होती की त्याने आणखी वाईट वाटत होतं.

सहाच्या सुमारास गाडी आली. वर्षा आईला आक्कांकडे सोपवून हॉलमध्ये आली. तिने आधी भगदाड पाहिलं, मग खाली टेकवलेली फ्रेम, मग मला. मी सगळं सांगितलं. डीपीआय सांगितला, पडदे सुद्धा सांगितले. तिने मधे तोडलं नाही.

"माझं खोडाचं चित्र तीन फुटांवर येत नव्हतं," ती म्हणाली. "मग मॅडम, सहा इंचांवर छापायचं होतं."

सव्वीस वर्षांत माझ्या कामावर इतकी अचूक टीका कुणी केली नाही. चित्राला फ्रेम शोधायची असते, मी फ्रेमला चित्र शोधत बसले होते. ती पुढे एवढंच म्हणाली की सहा वर्षं दर जूनमध्ये पहिल्या तासाला तेच चित्र ती फळ्यावर काढायची. ते तिला फळ्याच्या मापाचं कधीच नको होतं, वहीच्या मापाचं हवं होतं. मी माफी मागितली. ती बरं म्हणाली, पण तोवर तिचं लक्ष माझ्यावरून उडालं होतं. ती खाली टेकवलेल्या पानासमोर मांडी घालून बसली होती.

"आबा," तिने हाक मारली. "जरा येता का? तुमचं भिंग घेऊन या."

आबांच्या खिशात कायम एक छोटं भिंग असतं, पानामागचे बारीक किडे बघायला. ते आले. म्हणाले, मला त्ये बघायचं न्हाई. ती म्हणाली, आवं, एकदाच बघा, मग काढून टाकू. गुडघे दुखत असूनही आबा तिच्याशेजारी खाली बसले. मी मागे उभी होते. आक्का दारात होत्या.

वर्षाने बोट ठेवून दाखवलं. मोठ्या पानाच्या वरच्या बाजूला ते तेलकट पिवळे डाग. त्याखाली, जे मी शोभेची नक्षी समजले होते, ते तेच पान उलटं करून काढलेलं होतं आणि डागांच्या बरोबर मागे पांढरी लव उठलेली होती. कोवळ्या पानावर डाग गोल. जुन्या पानावर तेच डाग शिरांमध्ये अडकून कोपऱ्याकोपऱ्यांचे झालेले. बाजूला मान वाकडी झालेला कोवळा घड. आणि अगदी खाली, झाडासारखं दिसणारं काही तरी, ते म्हणजे सूक्ष्मदर्शकातून दिसणारी बुरशी, पानाच्या छिद्रातून फांद्या पसरत बाहेर येणारी.

आबांनी भिंग डोळ्याला लावलं. दहा मिनिटं तरी ते एकेक डाग बघत वरून खाली गेले, परत वर आले. मी माणसांना चित्रं बघताना खूप पाहिलंय. लोक चित्राकडे बघतात आणि मग किंमत विचारतात. असं बघणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. जुन्या पानावरचा एक डाग त्यांनी परत परत पाहिला आणि मग स्वतःशीच मान हलवली.

"ह्यो गडी बागेत गुडघ्यावर बसलेला हाय," ते म्हणाले. "उभ्यानं बघून पानाची खालची बाजू अशी काढता येत न्हाई. कवाचं हाय ह्ये?"

शंभराहून जास्त वर्षं झाली, वर्षाने सांगितलं. आणि मग ती सांगतच गेली. हा रोग युरोपात समुद्रापलीकडून नवाच आला होता, बागाच्या बागा बसत होत्या, काय आहे ते कुणाला कळत नव्हतं. तेव्हा असली माणसं बागेत बसून, दिसेल ते काढत राहिली, कारण आधी ओळख पटल्याशिवाय उपाय कुठून सुचणार. तिकडेच काही बागांत रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून मोरचूद आणि चुना फासायची पद्धत होती. एका शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की तेवढ्याच वेली हिरव्यागार राहिल्यात.

आबांनी भिंग खाली घेतलं. मोरचूद आणि चुना म्हणजे बोर्डो. ते औषध आबा दर हंगामात स्वतःच्या हाताने पिंपात कालवतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. चोरांच्या भीतीने फासलेल्या लगद्यातून ते निघालं हे त्यांना नवीन होतं. ते हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच हसले.

मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्याकडे बघून नव्हे, आक्कांकडे बघून सांगितलं. त्यांची पलटण विमानविरोधी तोफांची. "आक्का, आमच्या बरॅकीत भितीवर दुश्मनाच्या इमानांची चित्रं असायची. वरनं कसं दिसतं, खालनं कसं, बाजूनं कसं. रोज येता-जाता बघायचो. कुणी म्हनलं न्हाई की दुश्मन घरात कशाला टांगलाय. ज्याला वळखत न्हाई, त्याला पाडणार कसं?" त्यांनी चित्राकडे बोट केलं. "ह्ये तसंच हाय. वरनं, खालनं, बाजूनं."

आक्का लगेच विरघळल्या असं नाही. त्या म्हणाल्या, बरॅक येगळी, घर येगळं, आन् उद्या वास्तुशांत हाय. आबांनी तेही मान्य केलं. म्हणाले, दारातनं आत येताना समोर नगं. बागेकडच्या दाराजवळ लावा. बागेत जाताना दिसाया पायजे, तिथंच त्याचं काम हाय. आणि मधली जागा? ती सुनेची, ते म्हणाले, तिला इचारा. आक्कांनी घोड्यांचं बोचकं उचललं आणि माझ्या खोलीत लावते म्हणाल्या. त्या खोलीत ते अजून आहेत आणि आक्कांना तिथे छान झोप लागते असं कळलं.

मी आणि चाचा लगेच सांगलीला निघालो. खोडाचं चित्र मी सहा इंचांवर छापलं. काळ्या रेषा केसासारख्या स्वच्छ आल्या. सकाळी लवकर चाचांनी त्याच्याभोवती मोठा पांढरा माउंट कापला. माउंट म्हणजे चित्र आणि फ्रेम यांच्यामधली जाड पुठ्ठ्याची पांढरी पट्टी. एरवी ती दोन-तीन इंच ठेवतात, इथे चाचांनी हातभर ठेवली. नऊच्या आत आम्ही मळ्यात होतो. पानाची फ्रेम चाचांनी बागेकडच्या दाराजवळ लावली. तीन फुटांच्या पांढऱ्या मोकळ्या जागेत मधोमध ते वहीएवढं खोड लागलं आणि मला माझीच भिंत पहिल्यांदा नीट दिसली. लांबून नुसता एक ठिपका दिसायचा, त्यामुळे माणूस आपोआप जवळ जायचा. जवळ गेला की हलायचा नाही. वर्षा पूजेच्या साडीत येऊन उभी राहिली, तिने हाताच्या पाठीने डोळे पुसले आणि मला म्हणाली, जेवल्याशिवाय जायचं नाही.

पूजा झाली. पाहुणे बहुतेक सगळे बागायतदार. जेवणाआधी घर बघायचा कार्यक्रम असतो, तसे ते फिरू लागले. चंद्र, मधमाशी, ज्वालामुखी यांच्याकडे त्यांनी पाहुण्यासारखं पाहिलं. छान हाय, लय भारी, असं म्हणत पुढे गेले. बागेकडच्या दाराशी मात्र पहिला माणूस थबकला. त्याच्यामागचा त्याच्यावर आदळला. बघता बघता तिथे पंधरा-वीस जण जमले. कुणी तरी दबक्या आवाजात दावण्या म्हणालं आणि मग सगळेच एकदम बोलायला लागले. त्यातल्या एका वयस्क बागायतदाराने आबांना सरळ विचारलं, सुभेदार, नव्या घरात ह्यो दळभद्री रोग कशापायी लावलाय? मी जिन्याजवळ उभी होते, तिथून दोन पावलं पुढे आले.

आबांनी वळून हाक मारली. "सूनबाई, इकडं या. ह्यास्नी सांगा." आणि घोळक्याला म्हणाले, "मला न्हाई, तिला इचारा. आमच्या घरात ह्यातलं तिला कळतं."

वर्षा आली. पहिली दोन वाक्यं ती अडखळली. मग कुणी तरी विचारलं की पानावर काहीच दिसत नसतानाही रोग आत असतो का, आणि तिचा आवाज एकदम बदलला. पाठ ताठ झाली. तिने शेजारच्या टेबलावरची उदबत्तीची काडी उचलली आणि ती चित्रावरची छिद्रं दाखवत सांगायला लागली की ओलं पान मिळालं की ही बुरशी कुठून शिरते, आत किती दिवस लपते, डाग दिसतो तेव्हा उशीर कसा झालेला असतो. माणसं प्रश्न विचारत होती. ज्यांनी आयुष्यभर या रोगाशी मारामारी केली ती माणसं तिला प्रश्न विचारत होती, आणि ती ठाऊक आहे ते सांगत होती, ठाऊक नाही ते नाही म्हणत होती. आबा भिंतीला टेकून, हाताची घडी घालून ऐकत होते.

अर्धा तास झाला. आत पानं वाढून झाली होती, भात निवत होता. शेवटी आक्का बाहेर आल्या. मला वाटलं आता सगळ्यांना झापणार. त्या घोळक्यातून वाट काढत पुढे गेल्या, चित्रापुढे उभ्या राहिल्या आणि सुनेला म्हणाल्या, "आपल्या भोपळ्याच्या पानावर येतंय, त्ये पण ह्येच का?"

"त्याचा भाऊ हाय, आक्का," वर्षा म्हणाली.

"तरीच," आक्का म्हणाल्या, आणि तिथेच उभ्या राहिल्या.

आता शनिवारी त्या दाराशी दहा-बारा बागायतदार येतात. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत आपापल्या बागेतली पानं असतात. ती चित्राशी जुळवून बघतात आणि मग वर्षाला विचारतात. गेल्या महिन्यात तिने मला त्या दाराजवळ एक अरुंद टेबल करायला सांगितलं, सूक्ष्मदर्शक ठेवायला. सूक्ष्मदर्शक आबांनी आणून दिला. टेबलाशेजारी एक फळा पण पाहिजे म्हणाली. मी माप विचारलं, तिने दिलं, मी तेवढाच केला. इंचभरही इकडे-तिकडे नाही.

इतकी वर्षं मी नव्या ग्राहकाला पहिला प्रश्न विचारायचे, तुम्हाला काय आवडतं? आता त्याआधी विचारते, तुम्हाला कशातलं कळतं? आणि ज्यातलं त्यांना कळतं, त्याचं चित्र त्यांना दाखवल्याशिवाय छापायला टाकत नाही.